दुसऱ्या खेपेचे पहिले बारा आठवडे: गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या स्त्री सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच म्हणते.

पहिल्या खेपेला ताईंचं वय २७ होतं. उपकेंद्रात चौदाव्या आठवड्यात नाव नोंदलं, तेव्हा बीपी ११६/७४ आणि हिमोग्लोबिन १०.४. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव व्यवस्थित होते. सत्ताविसाव्या आठवड्यात पायांवर सूज आली. ती सगळ्याच बायकांना येते, असं घरच्यांनी म्हटलं. एकोणतिसाव्या आठवड्यात डोकं फुटेल इतकं दुखू लागलं आणि डोळ्यांपुढे चमकू लागलं. बीपी १७२/११४, लघवीत प्रथिनं तीन प्लस. बाळाची वाढ चार आठवडे मागे होती आणि नाळेतला रक्तप्रवाह दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात थांबत होता. मोठ्या रुग्णालयात नेऊन झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि सिझर केलं. मुलगी ७८० ग्रॅमची होती. काचेच्या पेटीत ती पाच दिवस जगली.

ताई रोज गावातल्या बाळांची वजनं घेतात. ७८० ग्रॅम म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असं का झालं, हे मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि तेच राहून गेलं. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी आद्याक्षरांच्या दोन ओळी होत्या. पुढच्या गरोदरपणात काय करायचं याबद्दल एक अक्षरही नव्हतं. बाळाला रक्त कमी पोचलं, असं कुणीतरी जाता जाता सांगितलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ ताईंच्या अंगात रक्त कमी आहे असा घेतला, आणि पुढची दोन वर्षं बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या. सासूबाईंच्या मते कारण ‘टेन्शन’ होतं, तर ताईंच्या मते त्यांनी सातव्या महिन्यात केलेलं सर्वेक्षणाचं काम.

सिझरला दोन वर्षं झाल्यावर, पुन्हा दिवस राहायच्या आधीच, ताई आणि त्यांचे मिस्टर आमच्याकडे आले. आशाताईंनी त्यांना जवळजवळ हाताला धरून पाठवलं होतं. मिस्टरांनी एक प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत कार्डाबरोबर एक बंद पाकीट होतं: वारेच्या तपासणीचा अहवाल. डिस्चार्जनंतर दहा-बारा दिवसांनी तो तयार झाला, त्यांनी जाऊन आणला, पण कुणाला दाखवायचा हे माहीत नव्हतं. पाकीट कुणीही उघडलेलं नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

अहवालात वारेचं वजन गर्भवयाच्या मानाने फारच कमी होतं. तिचे काही भाग रक्ताअभावी मेलेले होते. आणि महत्त्वाचं म्हणजे, वारेला चिकटून आलेल्या अस्तरातल्या धमन्यांच्या भिंती जाड, आतून चरबीने भरलेल्या आणि अरुंद होत्या. ताईंच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या तीन ओळींत होतं.

ते समजायला थोडं मागे जावं लागतं. गर्भाशयाच्या स्नायूंतून अस्तराकडे जाणाऱ्या शेवटच्या बारीक धमन्या पिळदार असतात. त्यांना सर्पिल धमन्या म्हणतात. दर महिन्याला त्या आकसतात, अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाळी येते. म्हणजे आकसणं हा या धमन्यांचा मूळ स्वभाव. गरोदरपणात तोच घालवावा लागतो, नाहीतर बाळाचं रक्त आईच्या प्रत्येक चढउताराच्या हवाली होईल.

हे काम गर्भ पोचायच्या आधीच सुरू होतं. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने अस्तर जाड होतं, आणि हा बदल सर्वांत आधी या धमन्यांच्या भोवतीच दिसतो. फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ अस्तराला चिकटतो आणि पुढच्या काही दिवसांत त्यात पूर्ण रुततो. हे पाळी चुकायच्या आधीच होऊन जातं. अस्तरात जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी धमन्यांच्या भिंतींतला स्नायू सैल करू लागतात. मग वारेच्या बाहेरच्या थरातल्या, ट्रोफोब्लास्ट नावाच्या पेशी धमन्यांत उतरतात, भिंतीतला स्नायू आणि लवचीक थर मोडून काढतात आणि स्वतः तिथे बसतात. हे काम अस्तरापुरतं राहत नाही. गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत जातं आणि साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत चालतं. शेवटी शंभरावर धमन्यांची तोंडं नरसाळ्यासारखी रुंद होतात आणि त्यांना आकसता येत नाही. गरोदर नसताना गर्भाशयाकडे मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं. नवव्या महिन्यात ते ५०० ते ७५० मिलिलिटरवर पोचतं.

यात एक टप्पा फार थोड्यांना माहीत असतो. पहिले दहा-बारा आठवडे वारेच्याच पेशी या धमन्यांच्या तोंडाशी गच्च बसून वाट अडवतात. आईचं रक्त वारेत मोकळेपणी येतच नाही. तोवर गर्भ अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर वाढतो आणि कमी ऑक्सिजनमध्ये सुरक्षित राहतो. वारेतला ऑक्सिजनचा दाब आठव्या आठवड्यात पाऱ्याच्या २० मिलिमीटरपेक्षाही कमी असतो; बाराव्या आठवड्यापर्यंत तो ५० च्या वर जातो. पहिल्या तिमाहीत ‘बाळाला रक्त वाढवायचं’ औषध मागणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. त्या दिवसांत जास्त रक्त येणं हिताचं नसतंच.

ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी १९६७ मध्ये वारेखालच्या गर्भाशयाचे तुकडे तपासून हे बदल नीट मांडले. १९७२ मध्ये त्यांनी दाखवलं की प्रीक्लाम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाण्याच्या आजारात, हे रुंदावणं अस्तरापाशीच थांबतं. स्नायूतला भाग जुन्याच स्वभावाचा, अरुंद आणि आकसणारा राहतो. मग रक्त नुसतं कमी येत नाही, ते जोराने येतं. धमनीचं तोंड नीट रुंदावलं की रक्ताचा वेग सेकंदाला एक-दोन मीटरवरून दहा सेंटिमीटरपर्यंत उतरतो, असं गणिती प्रतिरूपं सांगतात. तोंड अरुंद राहिलं तर धार तशीच वारेच्या नाजूक तंतूंवर आदळते. ताईंचे मिस्टर ऊस लावतात. त्यांना मी सांगितलं की पाटाचं पाणी सरीत हळू पसरून मुरतं, आणि तेच पाणी बारीक पाइपातून जोरात सोडलं तर मुळाशी माती राहत नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “म्हणजे मॅडम, गडबड सुरुवातीलाच झाली होती?”

हो, सुरुवातीलाच. मार बसलेली वार पुढे आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते की तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळीकडे. एकोणतिसाव्या आठवड्यातलं १७२/११४ ही त्या साखळीची शेवटची कडी होती. सर्वेक्षणाचं काम, टेन्शन, हिमोग्लोबिन, यांतलं काहीही तिच्या मुळाशी नव्हतं. हे ऐकल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारला: माझ्या कामामुळे नाही ना झालं? तिन्ही वेळा उत्तर नाही असंच होतं, आणि ते तिन्ही वेळा देणं त्या दिवशीच्या कुठल्याही तपासणीइतकंच गरजेचं होतं.

गरोदरपणाआधीचे निर्णय

इतक्या लवकर आणि इतका तीव्र प्रीक्लाम्प्सिया झाला असेल तर पुढच्या खेपेला तो साधारण तिघींत एकीला पुन्हा होतो. हा आकडा दोघांना सरळ सांगितला. सासूबाईंना तो भीतिदायक वाटला. ताईंना दिलासा वाटला, कारण त्यांनी मनात तो शंभर टक्के धरला होता.

चौतीस आठवड्यांआधी अशा कारणाने बाळंतपण करावं लागलं तर अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारा प्रतिकारशक्तीचा आजार, तपासणं आवश्यक असतं. तिन्ही चाचण्या नकारात्मक आल्या. पुढे याचा मोठा उपयोग झाला. बीपी १२२/८०, लघवीत प्रथिनं नाहीत, क्रिएटिनिन, साखर आणि थायरॉइड ठीक. वजन उंचीच्या मानाने थोडं जास्त होतं. फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं. आणि एक सूचना कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिली: पाळी चुकली की आठवडाभरात येणे, तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये.

आपल्याकडे तिसरा महिना लागल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, अशी रीत आहे. तिच्यामागची भावना समजते. पण या आजारात पहिले बारा आठवडे हेच मुख्य रणांगण असतं, म्हणून ताईंना सांगितलं की गावाला सांगू नका, आम्हाला सांगा.

सहावा ते बारावा आठवडा: तीन निर्णय

चार महिन्यांनी ताई खरोखर सहाव्या आठवड्यात आल्या. पहिला प्रश्न होता गर्भ नेमका कुठे रुजला आहे. आधीचं सिझर असताना तो जुन्या टाक्याच्या जागी रुजू शकतो. तिथे निरोगी अस्तर नसतं, त्यामुळे वारेच्या पेशींना थोपवणारं काही नसतं आणि वार स्नायूत खोल घुसते. पहिल्या खेपेला शिरकाव उथळ राहिला होता. टाक्यावर रुजलं असतं तर उलट टोकाचं संकट उभं राहिलं असतं. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला पिशवी दिसली. टाक्यापासून लांब. सातव्या आठवड्यात ठोके दिसले.

आठव्या आठवड्यात अंगावरून लाल जायला लागलं. सोनोग्राफीत ठोके उत्तम होते, पण पिशवीशेजारी सुमारे दोन सेंटिमीटरची रक्ताची गाठ होती. घरच्यांनी ताईंना पलंगावरून उठू देणं बंद केलं. जवळच्या एका दवाखान्यातून प्रोजेस्टेरॉन सुरू झालं होतं, आणि अ‍ॅस्पिरिनही लगेच सुरू करा असा सल्ला मिळाला होता. रक्त गोठणं कमी करणारी ही गोळी कमी मात्रेत प्रीक्लाम्प्सिया टाळायला देतात. मागच्या खेपेचा इतिहास बघता तो सल्ला देणाऱ्याची काळजी खरी होती.

इथे आम्ही तीन पर्याय समोर ठेवले. अ‍ॅस्पिरिन लगेच सुरू करायचं, कारण धमन्यांचे बदल आताच चालले आहेत. दुसरा, रक्तस्राव थांबेपर्यंत थांबून बाराव्या आठवड्यात सुरू करायचं. तिसरा, रक्तस्रावाच्या भीतीने ते द्यायचंच नाही. तिसरा पर्याय लगेच बाद झाला; आठव्या आठवड्यातल्या डागांपायी एकोणतिसाव्या आठवड्याचा धोका पत्करणं योग्य नव्हतं. पहिल्या दोनांत चर्चा झाली. ज्या मोठ्या चाचणीवर आज सगळ्यांची भिस्त आहे, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात धोका जास्त असलेल्या १,७७६ स्त्रियांपैकी निम्म्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं होतं, उरलेल्यांना निष्क्रिय गोळी. सदतीस आठवड्यांआधी होणारा प्रीक्लाम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. म्हणजे बाराव्या आठवड्यात सुरू केलेल्या गोळीचा फायदा सिद्ध आहे. आठव्यात सुरू केल्याने तो वाढतो याला तसा भक्कम आधार नाही. शेजारी ताजी गाठ असताना आम्ही बारा आठवड्यांची वाट पाहायचं ठरवलं.

पलंगाचं काय? पडून राहिल्याने गर्भ टिकतो किंवा धमन्या रुंदावतात, असं दिसलेलं नाही. आडवं पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका मात्र वाढतो. ताईंना घरातली हलकी कामं करायला सांगितलं. सासूबाईंना हे पटवणं हा त्या महिन्यातला सगळ्यात अवघड भाग होता. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. पहिल्या नातीला शेवटचं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांना सोनोग्राफीच्या खोलीत बोलावून ठोके ऐकवले. त्यानंतर त्यांनी ताईंना ओट्यापाशी उभं राहू दिलं. प्रोजेस्टेरॉन बाराव्या आठवड्यापर्यंत ठेवून बंद केलं.

दहाव्या आठवड्यात डाग थांबले, साडेअकराव्या आठवड्यात गाठ दिसेनाशी झाली. बाराव्या आठवड्यात दोन्ही दंडांवर बीपी मोजलं, १२४/८२. गर्भाशयाच्या दोन्ही मुख्य धमन्यांचं डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी, केलं. प्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा निर्देशांक सरासरी २.६ होता; या वयात २.३५ च्या वर गेला की तो जास्त समजतात. आलेखात दोन्ही बाजूंना खाच होती, पण ती या टप्प्यावर निरोगी स्त्रियांतही वारंवार दिसते, म्हणून तिला फार महत्त्व दिलं नाही.

रक्तातलं पीएलजीएफ हे वारेचं प्रथिन मोजायचं का, हा तिसरा निर्णय. तपासणी चांगली आहे, पण काही हजारांची. आणि तिचा आकडा काहीही आला तरी ताईंना अ‍ॅस्पिरिन द्यायचंच होतं, इतिहासच तेवढा बोलका होता. जी तपासणी निर्णय बदलणार नाही ती न करता त्या पैशांत घरी वापरायचं बीपीचं यंत्र घ्यायला सांगितलं. अ‍ॅस्पिरिन १५० मिलिग्रॅम त्याच रात्री सुरू झालं. गोळ्या चुकवल्या तर फायदा झपाट्याने घटतो, हे त्या चाचणीत दिसलं होतं. ताईंनी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर रोज रात्री तारखेखाली बारीक खूण करायला सुरुवात केली, अंगणवाडीत हजेरी मांडतात तशी. दर भेटीला त्या पानाचा फोटो दाखवत. अख्ख्या सहा महिन्यांत दोनच तारखा रिकाम्या होत्या.

कॅल्शियमच्या गोळ्या शासकीय कार्यक्रमाप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून, ५०० मिलिग्रॅमच्या दोन. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांत ते या आजाराचा धोका घटवतं. ताईंच्या घरी दूध होतं, पण ते डेअरीला जात होतं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी घ्यायचं नाही, एवढं पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मधला काळ: काय दिलं नाही

बाविसाव्या आठवड्यातलं डॉपलर मनासारखं नव्हतं. निर्देशांक १.६, खाच दोन्ही बाजूंना कायम, आणि या वयात खाच दिसणं चांगलं नसतं. बाळाचं वजन अजून वयाला साजेसं होतं. एकदा गरोदरपण होऊन गेलेल्या गर्भाशयात हे बदल पुढच्या वेळी सहसा अधिक सहज होतात. इथे ते पूर्ण झाले नव्हते, हे मान्य करणं भाग होतं.

अशा अहवालानंतर घरात सल्ल्यांचा पूर येतो. पुण्यातल्या एका नातेवाइकांनी तिकडच्या एका तज्ज्ञांना कागद दाखवले आणि रोज पोटात हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घ्यावं असा निरोप आला. कुणी रक्तवाहिन्या सैल करणारं सिल्डेनाफिल सुचवलं, कुणी आर्जिनिन या अमिनो आम्लाची पावडर आणून दिली. मिस्टर गाय विकायला तयार होते. “जे असेल ते देऊया मॅडम, नंतर वाटायला नको.”

या वाक्याला उत्तर देणं सोपं नसतं. काहीच न करणं हे निष्काळजीपणाचं वाटतं, आणि डॉक्टरलाही औषध लिहून देणं सोयीचं पडतं. पण एकेक औषध तपासून पाहिलं. हेपॅरिनचा फायदा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असलेल्या स्त्रियांत आहे. ताईंच्या त्या चाचण्या नकारात्मक होत्या, आणि तो आजार नसलेल्या स्त्रियांत वारेचा आजार टाळायला ते उपयोगी पडतं असं मोठ्या चाचण्यांत ठरलं नाही. सिल्डेनाफिलबद्दल मी ठाम होते. बाळाची वाढ खुंटलेल्या गरोदर स्त्रियांना ते देऊन पाहणारी नेदरलँडमधली चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या गटातल्या काही बाळांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला आणि काही दगावली. त्याआधी ब्रिटनमधल्या चाचणीतही फायदा दिसला नव्हता. आर्जिनिनने बिघडण्यासारखं काही नव्हतं, पण त्याच्यावर विसंबण्याइतका आधारही नव्हता. मुख्य मुद्दा हा की बाविसाव्या आठवड्यात भिंती बदलण्याचा काळ जवळजवळ सरलेला असतो. आता हातात होतं ते लक्ष ठेवणं, आणि लक्ष ठेवणं हेच उपचार आहेत हे घराला पटवणं. गाय विकली नाही.

योजना अशी ठरली: घरी आठवड्यातून तीन दिवस, बसून, पाच मिनिटं शांत राहून बीपी; १४०/९० ला फोन, १६०/११० ला थेट गाडी. दर तीन-चार आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. जिल्ह्याच्या ठिकाणी, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे अशा रुग्णालयात सव्विसाव्या आठवड्यातच नाव घातलं. गाडी कुणाची, रात्री कोण येणार, हेही ठरवलं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाचं अंदाजे वजन खालच्या दहा टक्क्यांच्या रेषेला आलं. नाळेतला प्रवाह चांगला होता. एकोणतिसावा आठवडा ताईंनी जवळजवळ न झोपता काढला. त्या आठवड्यात आम्ही त्यांना दोनदा बोलावलं, वैद्यकीय गरज एकदाचीच असताना.

बत्तिसाव्या आठवड्यात डोकं दुखलं, बीपी १३८/८८. दाखल करायचं का? या वेळी मात्र रक्ततपासणी केली: आईच्या रक्तवाहिन्या बिघडवणाऱ्या आणि त्यांना जपणाऱ्या, अशा वारेतून येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीक्लाम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी असते. ताईंचं ३१ आलं. बाराव्या आठवड्यात याच जातीची तपासणी आम्ही टाळली होती. आता तिच्यामुळे निर्णय बदलत होता. ताई घरी राहिल्या, आणि आठवड्याने पुन्हा तपासलं.

परिणाम

पस्तिसाव्या आठवड्यात घरच्या यंत्रावर १४८/९६ आलं. लघवीत प्रथिनं एक प्लस. प्रीक्लाम्प्सिया आला होताच, पण पहिल्या खेपेपेक्षा सहा आठवडे उशिरा. लॅबेटालॉल हे बीपीचं औषध सुरू करून दाखल केलं. छत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर अ‍ॅस्पिरिन थांबवलं. छत्तीस आठवडे पाच दिवसांवर बीपी औषध चालू असूनही १५८/१०४ झालं आणि नाळेतला अडथळा वाढलेला दिसला. त्याच दुपारी सिझर केलं. मुलगी, २,०८० ग्रॅम. रडली. पेटीची गरज लागली नाही. तिला आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दूध ओढू लागली.

बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस बीपी सर्वांत जास्त चढू शकतं, हे घरी जायच्या घाईत विसरलं जातं. ताईंना पाच दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी १६०/१०० झालं, औषध वाढवलं. सहाव्या आठवड्यात औषध बंद झालं.

या वेळची वार ३४० ग्रॅमची होती. मेलेले भाग होते, पण थोडे. तपासलेल्या धमन्यांपैकी काहींची भिंत रुंदावलेली आणि स्नायूविरहित होती, काहींची जुन्यासारखीच.

हे अ‍ॅस्पिरिनमुळे झालं का? एका प्रकरणावरून तसं म्हणता येत नाही. तिघींतल्या दोघींना तो आजार परत होतच नाही, दुसऱ्या खेपेला धमन्या तशाही जरा बऱ्या वागतात, आणि अ‍ॅस्पिरिन नेमकं कुठे काम करतं यावर संशोधकांत एकमत नाही. मला वाटतं की गोळीने काही आठवडे मिळवून दिले असावेत. पण बाळ ठणठणीत हाती आलं ते १४८/९६ हा आकडा रस्त्यात किंवा झटक्यानंतर न कळता घरी, त्याच संध्याकाळी कळला म्हणून, याबद्दल मला शंका नाही.

काय वेगळं करता येईल

सर्वांत मोठी संधी पहिल्या खेपेच्या शेवटी होती. वारेचा अहवाल बाळंतिणीच्या हातात बंद पाकिटात जाऊ नये. तो वाचून तिला बोलावून समजावणं हा उपचाराचाच भाग आहे. बाळ गमावलेल्या आईला सहा आठवड्यांनी भेटीची तारीख दिली जात नाही, कारण लसीकरणाला यायला बाळच नसतं. ती तारीख द्यायलाच हवी. डिस्चार्ज कार्डावर मराठीत दोन वाक्यं पुरतील: पुढच्या वेळी पाळी चुकताच या, बाराव्या आठवड्यापासून अ‍ॅस्पिरिन लागेल.

पहिल्या खेपेलाच धोका ओळखता आला असता का? अंशतः. बाराव्या आठवड्यात बीपी, डॉपलर आणि इतिहास एकत्र पाहिले तर अशा स्त्रियांपैकी बऱ्याच जणी सापडतात. ताईंची नोंदणी चौदाव्या आठवड्यात झाली होती आणि उपकेंद्रात डॉपलर नव्हतं. पण डॉपलर नसलं तरी सत्ताविसाव्या आठवड्यातल्या सुजेच्या वेळी बीपी मोजायला आणि लघवी तपासायला एक पट्टी आणि पाच मिनिटं लागतात.

बाविसाव्या आठवड्याच्या डॉपलरबद्दल आमच्यातही मतभेद राहिले. त्या अहवालाने उपचार बदलले नाहीत, घरातली भीती मात्र वाढवली आणि नको त्या औषधांचा दबाव आणला. एका सहकाऱ्यांच्या मते वाढीच्या सोनोग्राफी इतक्या जवळजवळ ठेवायचं त्यामुळेच ठरलं. मला वाटतं इतिहासावरूनही ते ठरलं असतं. पुन्हा अशी वेळ आली तर डॉपलर करेन, पण निकाल सांगण्याआधी त्याचा अर्थ आणि पुढची योजना कागदावर लिहून तयार ठेवेन.

ताईंचं बीपी तीन महिन्यांनी १२६/८२ होतं. हा आजार होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे दरवर्षी बीपी, साखर आणि लघवीची तपासणी ठरली आहे. मुलीच्या वाढदिवसाच्या महिन्यात, म्हणजे विसरायला नको. तांबी बसवली आहे. तिसरं मूल हवं का, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. हवं असेल तर तांबी काढायच्या आधी त्या येऊन भेटणार आहेत.